मदत हवी आहे: घरी जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला

नमस्कार मंडळी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी तुर्भ्याला राहतात. त्यांची नात डिसेंबर 2023 मध्ये खोलीतच जन्मली, रिक्षा येईपर्यंत थांबलीच नाही! 21 दिवसांत नोंद करायची हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता वर्ष उलटलंय, म्हणजे दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागणार. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून दाखलाच लागतो. आईबापाचे कागद नीट आहेत, पोरीचं मात्र हळदीचे डाग पडलेलं लसीकरण कार्ड तेवढं आहे. त्यावरही नाव नाही, नुसतं 'बेबी'. खिडकीवरचे म्हणतात, आधी अनुपलब्धता प्रमाणपत्र (म्हणजे जन्माची नोंद सापडत नाही असा कागद) आणा. ठाणे तालुक्यात हे कुणी केलंय का? सुईण साक्ष द्यायला तयार आहे, चालेल का?