‘अज्ञात’, ‘अनामिक’ की ‘अवर्णित’? निळ्या टॅरंटुलाच्या निमित्ताने

अनुवादिनी
थायलंडमधील एका निळ्या टॅरंटुलावरील लेखाचा अनुवाद करताना एका विशेषणापाशी अडले आहे. हा कोळी पाळणाऱ्या हौशी मंडळींच्या बाजारात ‘किलोब्रॅकिस एसपी. इलेक्ट्रिक ब्लू’ (‘एसपी.’ म्हणजे प्रजाती निश्चित न झालेला) या नावाने आधीपासून विकला जात होता. २०२३ मध्ये थाई संशोधकांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि तो ‘किलोब्रॅकिस नटानिचारम’ झाला. त्यापूर्वीच्या अवस्थेला मूळ लेखात ‘अनडिस्क्राइब्ड’ म्हटले आहे. मी ‘अज्ञात प्रजाती’ असे लिहिले होते, तर संपादकांनी त्याचे ‘अवर्णनीय प्रजाती’ केले. काय लिहावे?

भिंगवाला
‘अवर्णनीय’ वाचून कोळ्यालाही संकोच वाटला असेल. परंतु ‘अज्ञात’सुद्धा चालणार नाही, कारण जो प्राणी लोकांच्या काचपेट्यांत रातकिडे खात बसला आहे, त्याला अज्ञात कसे म्हणावे? उणीव माहितीची नसून नोंदीची असते. नराच्या स्पृशांच्या (तोंडाजवळच्या पायांसारख्या अवयवांच्या) टोकाशी असलेला जननकंद आणि मादीची शुक्रकोशिका (शुक्राणू साठवण्याची पिशवी) यांची जवळच्या कोळ्यांशी तुलना करावी लागते, नमुना संग्रहालयात जमा करावा लागतो, तो कोठून आणला हे सांगावे लागते आणि हे सारे छापून यावे लागते. हौशी बाजारात नेमके ‘कोठून’ हेच हरवलेले असते. निळ्या रंगावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. या कोळ्यात तो रंगद्रव्याचा नसून केसांच्या अतिसूक्ष्म रचनेमुळे दिसतो.

याच्या उलट उदाहरण आंध्र प्रदेशात आहे. गुत्ती येथील एकाच नमुन्यावरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी १८९९ मध्ये ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’चे वर्णन केले, आणि त्यानंतर तो कोळी थेट २००१ मध्ये पुन्हा सापडला. म्हणजे तो शतकभर वर्णित होता आणि तरीही जवळजवळ अज्ञात होता. त्यामुळे माझे मत ‘अवर्णित’ला.

मुद्रितशोधक
विशेषणाचा खल चालू आहे, पण चुकले आहे ते नाम. मराठी विश्वकोशात ‘प्रजाती’ हा शब्द वरच्या गटासाठी, म्हणजे ‘किलोब्रॅकिस’साठी आहे, त्याखालच्या एकेका प्रकाराला ‘जाती’ म्हणतात. वृत्तपत्रांनी हिंदीच्या नादाने ‘प्रजाती’ एक पायरी खाली उतरवली आणि आता सगळेच तसे लिहितात. ‘अवर्णित जाती’ असे लिहावे, म्हणजे निदान अर्धा शब्दप्रयोग तरी शुद्ध राहील.

खाजणवाट
आपला नियम मान्य केला, तरी मथळा कसा होईल ते पाहावे: ‘कोळ्यांची नवी जात सापडली’. हा मथळा वाचून प्राणिशास्त्र कोणाला आठवेल? ठाण्यातील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला २०२१ मध्ये तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘आयसियस तुकारामी’ हे नाव मिळाले, तेव्हाच्या बातम्या ‘प्रजाती’ म्हणूनच आल्या आणि वाचकांना त्या नीट कळल्या. ज्या शब्दाला समाजात दुसरेच वजन आले आहे, तो केवळ कोशात आहे म्हणून पुन्हा रूढ होत नाही.

मूळ घोळ ‘कोळी’ या शब्दात आहे, असे मला वाटते. आमची आजी घरातल्या मोठ्या कोळ्याला ‘कातीण’ म्हणत असे, आणि ती अंगावरून गेली की फोड उठतात, असे बजावत असे. कात टाकते ती कातीण, अशी माझी समजूत आहे. टॅरंटुलाला हा शब्द का वापरू नये?

मुद्रितशोधक
ही व्युत्पत्ती रंजक असली तरी पटत नाही. सूत कातते ती कातीण, हे सरळ आहे. संस्कृतातील ‘ऊर्णनाभ’ही धाग्याकडेच बोट दाखवतो, आणि मुंडकोपनिषदातील ऊर्णनाभि आपल्यातून तंतू काढतो आणि परत घेतो, कात टाकण्याचा तेथे संबंध नाही.

खाजणवाट
पण हे मोठे कोळी आपल्या ओळखीचे गोल जाळे विणत नाहीत. बिळाला किंवा झाडाच्या ढोलीला आतून रेशमाचे अस्तर लावतात. हा थाई कोळी तर कांदळवनातील झाडांच्या पोकळीत सापडला. मग त्याच्या बाबतीत कातण्यापेक्षा कात अधिक शोभत नाही का?

भिंगवाला
व्युत्पत्तीवर मी काही बोलणार नाही, पण पाळणाऱ्यांच्या दृष्टीने कात ही खरोखरच सर्वांत मोलाची वस्तू असते. मादीने टाकलेली कात वाळून चुरगळलेली असते. ती भांडी घासण्याच्या साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवली, की हळूहळू उलगडते. मग पोटाचा भाग आतली बाजू वर येईल असा पसरावा आणि फुप्फुसांच्या पुढच्या जोडीचे पांढरट ठसे शोधावेत. त्या दोहोंच्या मधोमध शुक्रकोशिका दिसते. तिचा आकार पाहिला, की विक्रेत्याने पेटीवर लिहिलेले नाव खरे की खोटे, याचा पुष्कळ अंदाज येतो, आणि जनावराला इजाही होत नाही.

अनुवादिनी
सर्वांचे आभार. लेख उद्या द्यायचा आहे, तेव्हा ‘शास्त्रीय वर्णन न झालेली’ असे लांबलचक लिहू की ‘अवर्णित’ पुरे? आणि ‘प्रजाती’ ठेवू ना?

मुद्रितशोधक
त्याआधी एक हरकत नोंदवतो. ‘कात’ सापाची असते. कोळी टाकतो ते बाह्यकवच, आणि त्यात नख्या व विषदंतांची आवरणेही असतात. त्याला कात म्हणणे हा निष्काळजीपणा आहे.

भिंगवाला
मग ‘कोळ्याने कवच टाकले’ असे म्हणून पाहावे. ऐकणाऱ्याला वाटेल, तो लढाई सोडून चालला आहे.

खाजणवाट
आमच्याकडे झुरळाचीही कातच म्हणतात.

मुद्रितशोधक
आपल्याकडे म्हणजे नेमके कोणत्या तालुक्यात?