चूक कोणी कोणी ऐकली, तेही बघावं

‘चूक नेहमी बाजूला घेऊनच सांगावी’ या मताशी मी अर्धाच सहमत आहे. उच्चार चुकला, एखादं नाव चुकलं तर चारचौघांत बोलायची गरजच नाही. खरं तर बऱ्याचदा नंतरही नाही. पण दहाजण बसलेत आणि कोणी ठामपणे सांगतंय की फिट आलेल्या माणसाच्या दातांत चमचा घालावा, तर त्याला नंतर एकट्याला गाठून काय उपयोग? त्याला कळेल, बाकीचे चुकीचंच घेऊन घरी जातील. चमच्याने दात तुटतात, श्वासही कोंडू शकतो. तिथल्या तिथे सांगायलाच हवं: तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, ५ मिनिटांत फिट थांबली नाही तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

फक्त रोख माणसावर नको. ‘पूर्वी असं सांगायचे, आता डॉक्टर नको म्हणतात’ एवढ्यात भागतं. ‘तुम्हाला एवढंही माहीत नाही?’ म्हटलं की तो हट्टाला पेटतो आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. त्याने मान्य केल्यावर पुढच्या प्रत्येक भेटीत तोच विषय उकरून काढणं तर मला अजिबात पटत नाही.