मदत हवी आहे: एसएस सिग्नीची माझी नोंद आलेखाच्या खाली का पडते?

रात्रपाळी: मंगळवारी रात्री हंस तारकासमूहातील एसएस सिग्नी हा अधूनमधून अचानक उजळणारा तारा मला १०.४ प्रतीचा दिसला (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). सोमवारी तो १२ च्या आसपास होता, म्हणजे उद्रेक चढताना सापडला. परंतु बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या एएव्हीएसओ या संस्थेच्या आलेखावर माझा बिंदू इतरांपेक्षा पाऊण प्रतीने मंद पडला आहे. पावसाळा संपल्यानंतरची ही माझी पहिलीच नोंद आहे. चूक कोठे झाली, हे कृपया लवकर सांगावे.

ध्रुवमत्स्य: दुर्बीण, तुलनेचे तारे, वेळ, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती नकाशावर देताना दशांशचिन्ह छापत नाहीत, कारण तो ठिपका तारा वाटू शकतो. ९६ म्हणजे ९.६, हे ध्यानात होते ना?

रात्रपाळी: होय. दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन आहे. तुलनेला नकाशावरचे दोन तारे घेतले, एक त्याच्याहून तेजस्वी आणि एक मंद.

खगोलछंदी: डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नका. डीएसएलआर घ्या आणि छायाचित्रातल्या हिरव्या रंगावरून प्रत मोजा.

ध्रुवमत्स्य: हे पटत नाही. १८९६ मध्ये लुईसा वेल्स यांनी हा तारा शोधल्यापासून त्याच्या उद्रेकांचा जो अखंड इतिहास जमला, त्यात डोळ्यांनी केलेल्या नोंदींचा वाटा फार मोठा आहे.

मृगशीर्ष: आठ इंची आरसा घेतलात तर तारा शांत असतानाही सहज दिसेल.

रात्रपाळी: तो मला सहा इंचीतूनही दिसतो. माझा प्रश्न नोंदीचा आहे.

स्वातीनक्षत्र: नोंदीत वेळ कोणती लिहिली?

रात्रपाळी: रात्रीचे सव्वानऊ, म्हणजे २१:१५.

स्वातीनक्षत्र: तेथे यूटी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, अपेक्षित असते. आपले सव्वानऊ म्हणजे १५:४५ यूटी. त्यातल्या श्वेत बटूभोवतीची (इंधन संपलेल्या लहान, घन ताऱ्याभोवतीची) वायूची चकती एकदा पेटली की हा तारा दीड-दोन दिवसांत १२ वरून साडेआठपर्यंत चढतो, त्यामुळे साडेपाच तासांत अर्ध्या प्रतीहून अधिक फरक पडू शकतो. आपण पाहिलेली प्रत बरोबर असावी. ती आलेखावर उशिराच्या वेळेला लागल्यामुळे मंद भासते. नोंद दुरुस्त करता येते.

रात्रपाळी: दुरुस्त केली. बिंदू डावीकडे सरकून इतरांच्या ओळीत बसला, मनापासून आभार. आता गेल्या हिवाळ्यातल्या चौदा नोंदींच्या वेळाही वहीतून तपासतो, कारण त्याही मी घड्याळाप्रमाणेच लिहिल्या होत्या.