मदत हवी आहे: स्टिअरिंग वळवताना एअरबॅगचा दिवा लागतो, बॅटरी काढूनही जात नाही

खाडीकाठ:
गाडी २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, पुढच्या दोन एअरबॅग, ७१ हजार किमी. मुक्काम चिपळूण, गाडी उघड्यावर उभी असते.

महिन्याभरापासून डावीकडे पूर्ण स्टिअरिंग कापलं की एअरबॅगचा दिवा लागायचा आणि पुन्हा किल्ली फिरवली की जायचा. आठवड्यापासून कायमचा पेटलेला आहे. हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. स्टिअरिंगवरची आवाजाची बटणं बंद.

केलेले उपाय: बॅटरीची निगेटिव्ह रात्रभर काढून ठेवली, फरक शून्य. ब्लूटूथवाला ईएलएम३२७ (गाडीतले दोष वाचणारं छोटं स्वस्त स्कॅनर) लावून मोबाइलवर पाहिलं, तर 'एकही दोष नाही' असं येतं. सीटखालचे कपलर (वायरींचे जोड) हलवून पाहा असा सल्ला मिळाला, तेही हलवले.

दोष घरच्या घरी शोधता येईल का? हातात मल्टिमीटर आहे, पाने आहेत. जाणकारांनी सांगावे.

ओहम_शांती:
तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. स्टिअरिंग वळवताना दिवा, त्यात हॉर्न आणि बटणंही गेलेली. हे तिन्ही एकाच जागेतून जातात: स्टिअरिंगच्या मागचा क्लॉक स्प्रिंग. आत सपाट रिबन गुंडाळलेली असते. चाक फिरतं तसे तिचे वेटोळे सुटतात-आवळतात. वर्षानुवर्षं वाकून तिच्यातली तांब्याची पट्टी तडकते. आधी ठरावीक कोनात संपर्क तुटतो, मग कायमचा.

तरी अंदाजावर पार्ट मागवू नका, आधी कोड (गाडीने नोंदलेला दोषाचा क्रमांक) वाचा. तुमच्या ईएलएमने 'दोष नाही' सांगितलं कारण त्याने एअरबॅगच्या मॉड्यूलला (ती चालवणाऱ्या कंट्रोल पेटीला) विचारलंच नाही. ती स्वस्त उपकरणं आणि फुकटची अॅप प्रदूषणाशी संबंधित इंजिनचे 'पी' कोड वाचतात. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात आणि बरेचसे कंपनीगणिक वेगळे असतात. स्कॅनर घेताना किंवा भाड्याने आणताना 'एसआरएस (म्हणजे एअरबॅगची यंत्रणा) वाचतो आणि पुसतो का, आणि माझ्या मॉडेलसाठी का' एवढंच विचारा. जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे असेल तर फक्त कोड लिहून आणा. 'पुसून देतो' म्हणाला तर आधी फोटो काढा.

बॅटरी काढून हा कोड जात नाही. तो वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतो, मुद्दामच.

तिरकस_पाना:
+१. सीटखालच्या सल्ल्याबद्दल: तो चुकीचा नाही, पण या लक्षणांना लागू नाही. सीट मागेपुढे केल्यावर किंवा व्हॅक्युम मारल्यावर दिवा लागला तर सीटखाली पाहायचं. तिथे सीटबेल्टच्या बक्कलच्या स्विचची वायर असते, साइड एअरबॅग असलेल्या गाडीत तिचीही. पावसात ओल्या चटईखाली तो कपलर हिरवा पडतो. बेल्ट खेचणाऱ्या प्रीटेन्शनरचा कपलर बहुतेक वेळा दोन दारांमधल्या खांबाच्या तळाशी, प्लास्टिकच्या आवरणामागे असतो. नवीन म्युझिक सिस्टिम बसवल्यावर दिवा लागला तर ग्लोव्ह बॉक्समागचा प्रवाशाच्या बॅगेचा कपलर अर्धवट राहिलेला सापडतो. पुढच्या बंपरला ठोकर बसली असेल तर रेडिएटरच्या आधारपट्टीवरचा सेन्सर पाहायचा. आणि बॅटरी अगदीच मेली असताना स्टार्टर मारला तर कमी व्होल्टेजचा कोड पडतो, तो नुसता पुसला तरी चालतो.

सहज_सुचलं:
एवढा खटाटोप कशाला? दोन ओहमचा रेझिस्टर कपलरमध्ये खोचला की दिवा जातो. बाजारात तयार मिळतात.

ओहम_शांती:
दिवा जातो, आणि त्याबरोबर एअरबॅगही जाते. मॉड्यूल सारखं एकच काम करत असतं: किंचित विद्युतप्रवाह सोडून बॅगेच्या इग्नायटरचा (बॅग पेटवून फुगवणाऱ्या ठिणगीच्या भागाचा) रोध मोजणं. तो साधारण दोन ओहम असतो. रेझिस्टर लावला की मॉड्यूल समाधानी, आणि टक्कर झाल्यावर ते रेझिस्टर जाळणार. सेकंडहँड गाडी विकताना ही लबाडी चालते. म्हणून जुनी गाडी घेताना किल्ली फिरवल्यावर दिवा पेटतो का हेही पाहावं. साधारण सहा सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय.

तपासणीसाठी रेझिस्टरचा उपयोग आहे, पण पाच मिनिटांपुरता.

खाडीकाठ:
इलेक्ट्रिशियनकडून कोड आणला. बी १३४६, चालकाची एअरबॅग, रोध जास्त. स्थिती 'सध्याचा'. दुसरा कोणताच कोड नाही.

आता मीटर थेट बॅगेच्या दोन पिनांना लावून रोध पाहू का? म्हणजे दोष बॅगेत की रिबनमध्ये ते लगेच कळेल.

ओहम_शांती:
नको! बॅगेच्या पिनांना काहीही लावायचं नाही. इग्नायटर पेटायला सुमारे १.२ अँपिअर फक्त दोन मिलिसेकंद पुरतात. चांगला डिजिटल मीटर त्याच्या कितीतरी खाली असतो हे खरं. पण काट्याचा जुना मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या पट्ट्यावर शंभर मिलिअँपिअरच्या वर जाऊ शकतो, आणि चुकून बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प लागला तर संपलं. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर वाहून नेतो. गॅरेजमध्ये तो लॅम्प कायम हाताशी असतो, म्हणून नियम सरसकट आहे. रिबन मोजा. ती चांगली निघाली तरच बॅगेवर संशय.

क्रम असा.

चाकं सरळ करून गाडी उभी करा. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढून टर्मिनलला कापड गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो: टकरीत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून. तो रिकामा व्हायला काही कंपन्या दीड मिनिट सांगतात, काही तीन. मॅन्युअल हाताशी नसेल तर दहा मिनिटं धरायची. मग अंगातली स्थिर वीज घालवायला गाडीच्या उघड्या लोखंडाला हात लावा.

बॅग स्टिअरिंगच्या मागून सुटते. काही गाड्यांत दोन टॉर्क्स बोल्ट असतात, बहुधा टी३०. काहींत छिद्रातून सळई घालून स्प्रिंगची क्लिप दाबावी लागते. बॅग वर आली की पिवळा कपलर: आधी त्याची आडवी लॉकपट्टी छोट्या स्क्रूड्रायव्हरने उचला, मग कपलर सरळ ओढा. वायरला धरून ओढू नका. हॉर्नची वायर वेगळी काढा. बॅग नेताना शिवण असलेली बाजू अंगापासून लांब, ठेवताना ती बाजू आभाळाकडे. पालथी ठेवून उघडली तर अख्खी वस्तू छताला जाईल. उन्हात, डिकीत सुट्टी ठेवू नका.

मीटरवाला:
पुढचं मी लिहितो, कारण इथे बहुतेकांची फसगत होते.

स्टिअरिंगच्या खांबाखालचं प्लास्टिकचं कव्हर काढा. क्लॉक स्प्रिंगकडून खाली येणारा पिवळा कपलर दिसेल, तो सोडवा. मीटर २०० ओहमच्या पट्ट्यावर. आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून मीटरच्या वायरींचाच रोध पाहा. स्वस्त मीटरला ०.३ ते ०.५ येतो, तो वजा धरायचा.

आता रिबनची प्रत्येक तार वेगळी मोजा: वरच्या टोकाची पिन आणि त्याच तारेची खालची पिन. दोन तारा एकमेकींत मोजू नका. पिवळ्या कपलरमध्ये शॉर्टिंग बार नावाची छोटी पितळी पट्टी असते. कपलर सुटला की ती दोन्ही पिना जोडून टाकते, म्हणजे भटकी वीज बॅग फोडणार नाही. ती तशीच ठेवून मोजलं तर शून्याजवळचा आकडा येतो आणि लोक 'वायर शॉर्ट आहे' म्हणून हार्नेस (वायरींचा जुडगा) उसवत बसतात.

चांगली तार एक ओहमच्या आत असते. आता मीटर लावून ठेवून स्टिअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा, इंजिन बंद ठेवूनच. जड जाईल, पुढची चाकं जॅकवर उचलली तर सोपं. किल्ली एका खटक्यावर ठेवा म्हणजे स्टिअरिंग लॉक होणार नाही, बॅटरी मात्र काढलेलीच हवी. आकडा कुठे उडाला किंवा मीटर 'ओएल' (म्हणजे तार तुटलेली) दाखवू लागला की निदान पक्कं.

आणखी एक: मीटरची जाड सुई बायकी (खाचेच्या) पिनांत कोंबू नका. पिन फाकली की तुम्हीच नवा 'रोध जास्त' तयार केलात. बारीक टाचणी कडेला टेकवा.

खाडीकाठ:
मोजलं. मीटरच्या वायरींचा रोध ०.४. पहिली तार ०.८, शेवटपर्यंत स्थिर. दुसरी तार मध्यावर ०.९, डावीकडे पाऊण फेऱ्यानंतर ११ ते ४० मध्ये नाचते, पुढे ओएल. उजवीकडे आणताना कधी परत येते, कधी नाही. म्हणजे क्लॉक स्प्रिंगच ना? रिबन उघडून डाग लावता येईल का?

तिरकस_पाना:
क्लॉक स्प्रिंगच. डाग नको. सोल्डर लागलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारी रिबन पुन्हा तुटते. एअरबॅगच्या सर्किटला जोड-टेप बऱ्याच कंपन्या मना करतात.

पार्ट नंबर जुळवून नवा घ्या. दिसायला सारखे असले तरी बटणांच्या तारांची संख्या वेगळी असते. स्टॅबिलिटी कंट्रोल (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर त्याच जुडग्यात असतो. तसं असेल तर बसवल्यावर स्कॅनरने शून्य बिंदू शिकवावा लागतो.

स्टिअरिंग काढताना: मधला नट बहुधा १७ किंवा १९ च्या सॉकेटचा. शाफ्ट आणि चाकावर मार्करने एक सलग रेघ ओढा. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे ठेवून चाक दोन्ही बाजूंनी हलवत ओढा. नाहीतर सुटलं की थेट दातावर येतं.

नवा क्लॉक स्प्रिंग मध्यावर आणणं ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. बरेचसे लॉकपिन किंवा स्टिकर लावून येतात. बसवून होईपर्यंत ती पिन काढू नका. पिन निसटलीच तर: घड्याळाच्या दिशेने अलगद अडेपर्यंत फिरवा, मग उलटे फेरे मोजत दुसऱ्या टोकापर्यंत जा. एकूण पाच-सहा फेरे भरतील. त्याच्या निम्म्यावर परत या आणि खुणेचे बाण जुळवा. एक फेरा जरी चुकला तरी पहिल्या यू-टर्नला रिबन ताणून तुटते. 'नवीन पार्ट दोन दिवसांत गेला' या तक्रारींमागे हेच कारण असतं.

नट परत आवळताना मॅन्युअलमधला टॉर्क (आवळण्याचा जोर) घ्या. लहान गाड्यांत साधारण ३५ ते ५० न्यूटन-मीटर.

खाडीकाठ:
नवा बसवला, पिनसकट मध्यावर. हॉर्न वाजतो, बटणं चालतात. पण दिवा आहेच! आता कोड बी १३४७, 'रोध कमी'. बी १३४६ 'जुना' म्हणून दिसतो. नवीन पार्टच खराब निघाला का?

मीटरवाला:
बहुधा नाही. वर सांगितलेली पितळी पट्टी आठवा. कपलर पूर्ण आत गेल्याशिवाय ती बाजूला होत नाही. अर्धवट बसलेल्या कपलरमध्ये पिना जुळतात, पण पट्टीही टेकलेली राहते आणि मॉड्यूलला दोनऐवजी शून्याजवळचा आकडा दिसतो. 'रोध जास्त' वरून 'रोध कमी' झालं, तेही हात लावलेल्या जागी. बॅटरी काढून, पुन्हा दहा मिनिटं थांबून, बॅगेमागचा आणि खांबाखालचा असे दोन्ही पिवळे कपलर टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि लॉकपट्टी खाली गेली का बघा. ती वर अडकत असेल तर कपलर बसलेला नाही असाच अर्थ.

तरीही 'रोध कमी' राहिलं तर तेव्हा रेझिस्टर: बॅगेऐवजी २.२ ओहम, पाव वॉट. मात्र पट्टी उचलली जाईल असा योग्य आकाराचा कपलर त्याला हवा, नुसत्या तारा खोचून पट्टी हलत नाही. कोड 'सध्याचा' वरून 'जुना' झाला तर दोष बॅगेत, नाही झाला तर वायरिंगमध्ये.

ओहम_शांती:
बॅटरी जोडताना गाडीत कोणी बसायचं नाही. जोडल्यावर दारातून, स्टिअरिंगच्या समोर न येता हात घालून किल्ली फिरवा. दिवा थांबला तरी कोड पुसावा लागतो: किल्ली चालू, इंजिन बंद, एसआरएस मॉड्यूल निवडून पुसा, दहा सेकंद बंद, परत चालू. मग दोन्ही बाजूंना पूर्ण स्टिअरिंग कापून पाहा. 'सध्याचा' कोड पुसला जात नाही, म्हणून पुसायच्या आधी दुरुस्ती.

कोकणकडा:
दिवा विझल्यावर बॅग ठणठणीत असं मात्र धरू नका. मॉड्यूल फक्त रोध मोजतं, आतला दारूगोळा कसा आहे ते त्याला कळत नाही. ताकाता या जपानी एअरबॅग कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये (बॅग फुगवणाऱ्या भागात) अमोनियम नायट्रेट होतं. उष्ण दमट हवेत वर्षानुवर्षं राहून ते बिघडायचं आणि बॅग उघडताना धातूचे तुकडे उडायचे. त्या गाड्यांत हा दिवा लागत नव्हता. कंपनी २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली, रिकॉल (गाड्या परत बोलावून सदोष भाग बदलणं) भारतातही झाले. आपली किनारपट्टीची हवा तशीच. चासी नंबर टाकून कंपनीच्या संकेतस्थळावर रिकॉल तपासा, बदली फुकट असते.

पुराचं पाणी गालिच्याच्या वर चढलेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. मॉड्यूल बहुधा गिअरजवळच्या बोगद्यावर (दोन सीटांमधल्या उंचवट्यावर), खालीच असतं. ते सुकवून वापरू नये, बदलावं. टकरीत बॅग उघडलेली असेल तरी मॉड्यूलमध्ये टक्कर नोंदून कुलूप पडतं, साध्या स्कॅनरने ते पुसत नाही.

खाडीकाठ:
खांबाखालचा कपलर दोन मिलिमीटर बाहेर होता, लॉकपट्टी तिरकी अडकलेली. दाबल्यावर टक् झालं. कोड दोन्ही पुसले. सहा सेकंदांनी दिवा जातो, दोन्हीकडे पूर्ण कापूनही परत आला नाही. चासी नंबरवर रिकॉल नाही. सगळ्यांचे आभार.

जुना क्लॉक स्प्रिंग उघडला: रिबन एका वळणाशी तडकलेली, तिथेच काळा डाग.

मीटरवाला:
जुना टाकण्याआधी त्याचा बॅगेकडचा पिवळा कपलर वायरसकट कापून ठेवा. २.२ ओहम जोडला की पट्टी उचलणारा रेझिस्टर तयार. त्याला हातभर लाल फडकं बांधा, म्हणजे तपासणी झाल्यावर गाडीत विसरून राहणार नाही.