मदत हवी आहे : जर्मन कृदंत विशेषण म्हणून वापरताना शेवटी काय लावावे?

घाईतला विद्यार्थी : परवा माझी जर्मनची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा आहे. 'उकडलेले' या अर्थाच्या 'गेकॉख्ट'ला मी पुस्तकात पाहून 'ए' लावला, तर शिक्षिकांनी त्यावर लाल रेघ ओढली; तिथे 'एस' हवा होता म्हणे. मग पुस्तक चुकले आहे काय? कृपया नियम तेवढा सांगावा.

अवग्रह : आपण वाक्यच दिलेले नाही. नामाआधी 'दास' (निश्चित उपपद) होते की 'आइन' (अनिश्चित उपपद), आणि विभक्ती कोणती होती?

कोथरूडकर : प्रत्ययांचे तक्ते पाठ करावेत. मी तिन्ही तक्ते (निश्चित उपपद, अनिश्चित उपपद आणि उपपद नसताना) न्हाणीघराच्या दारावर चिकटवले होते. भूतकाळात साहाय्यक क्रियापद 'हाबेन' कधी आणि 'झाइन' कधी, हेही त्याच वेळी पाठ करून टाकावे.

घाईतला विद्यार्थी : 'हाबेन-झाइन' मी विचारलेलेच नाही. माझे वाक्य 'इश एसे आइन गेकॉख्टे आय' (मी एक उकडलेले अंडे खातो) असे होते. पुस्तकात 'दास गेकॉख्टे आय' आहे.

अवग्रह : मग चूक तिथेच आहे. 'दास' नामाचे नपुंसकलिंग स्वतःच दाखवते, म्हणून कृदंताला 'ए' पुरतो. 'आइन'वरून मात्र लिंग कळत नाही, म्हणून ती खूण कृदंताला अंगावर घ्यावी लागते आणि 'आइन गेकॉख्टेस आय' होते. 'मिट' (सह) या शब्दानंतर चतुर्थी आली की 'डेम' असो वा 'आइनेम', 'गेकॉख्टेन' होते. उपपदच नसेल तर 'मिट गेकॉख्टेम आय'. एवढे उमजल्यावर तक्ता कशाला हवा?

कोथरूडकर : परीक्षेत उमजून घेत बसायला वेळ नसतो, म्हणून हवा.

एर्लांगेनवासी : 'गेश्लॉसेन'सारख्या कृदंतात 'एन' मूळचाच असतो, त्यालाच प्रत्यय समजून पुष्कळ जण थांबतात, पण बंद खिडकी 'आइन गेश्लॉसेनेस फेन्स्टर' असते. ('दास फेन्स्टर इस्ट गेश्लॉसेन', म्हणजे 'खिडकी बंद आहे', यात मात्र काहीच लागत नाही.) शिवाय कोथरूडकरांचा 'हाबेन-झाइन'चा मुद्दा अगदीच अस्थानी नाही. मराठीत 'आलेली गाडी' आणि 'झोपलेला माणूस' दोन्ही चालतात. जर्मनमध्ये 'डेर आनगेकॉमेने त्सुग' चालते, कारण ते क्रियापद 'झाइन' घेते, पण 'श्लाफेन' (झोपणे) अकर्मक असून 'हाबेन' घेते, त्यामुळे 'डेर गेश्लाफेने मान' असे म्हणता येत नाही. तिथे 'श्लाफेंडे' (झोपत असलेला) म्हणावे लागते.

घाईतला विद्यार्थी : कालच्या निबंधात मी 'गेश्लाफेने' दोनदा लिहिले आहे! म्हणजे 'डेर' असेल तर 'श्लाफेंडे' आणि 'आइन' असेल तर 'श्लाफेंडर', बरोबर ना?

अवग्रह : तो माणूस कर्ता असेपर्यंत बरोबर. कर्म झाला, की दोन्हीकडे 'श्लाफेंडेन'.