आठ मिनिटं पुरे म्हणे! स्टीफन्सला कवी ठरवून मोकळे झालेल्यांसाठी

साष्टीचा चिरा
'प्रवचन आठ मिनिटांचं हवं' हा लेख काल इथे फिरला. लेखकाचं म्हणणं असं: 'ख्रिस्तपुराण' लिहिणारा इंग्रज जेझुइट पाद्री फादर स्टीफन्स कवी होता, उपदेशक नव्हे. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात चर्चमध्ये त्याचं पुराण गायचा आग्रह म्हणजे नुसती जुन्याची हौस. आजच्या फादरांनी मुद्दा सांगावा नि खाली उतरावं.

कवी होता म्हणजे काय हो? माणूस ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये तिथेच गेला. चाळीस वर्षं, त्यातली बहुतेक दक्षिण गोव्यातल्या साष्टीत. पुराणाची सुरुवात वाचा. दोत्रीन, म्हणजे ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरं, शिकवणं चालू आहे आणि एक ब्राह्मण विचारतो, जुनी पुराणं बंद झाली, आता आम्ही वाचायचं काय? हे दुखणं वर्ग घेणाऱ्याचं आहे. त्यातून ग्रंथ झाला, १६१६ मध्ये राशोलला छापला.

आता वेळेचा हिशेब. १०,९६२ ओव्या, ९५ अवस्वर (अध्याय), म्हणजे अवस्वराला सरासरी ११५ ओव्या. एकाने तीन चरण सांगायचे, मंडळींनी चौथा उचलायचा, तर ओवीला साधारण वीस सेकंद लागतात. अख्ख्या अवस्वराला अडतीस मिनिटं, तेवढं कुणी मागतही नाही. पंचवीस ओव्या निवडा, साडेआठ मिनिटांच्या आत काम होतं. तुमच्याच मापात बसलं की नाही?

पापडीकर
मापात बसलं, जागेवर नाही बसलं. मिस्सातलं, म्हणजे कॅथलिक उपासनेतलं, प्रवचन धर्मगुरूने किंवा त्याच्या खालच्या दीक्षित सेवकाने, डीकनने, करायचं असतं; चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ७६७, काढून बघा. गायक कितीही गोड असो, प्रवचनाच्या जागी ओव्या चालणार नाहीत. मिस्साआधी गा नाहीतर नंतर गा. आणि आठ मिनिटांचं खापर त्या लेखकावर फोडू नका, पोप फ्रान्सिस यांनीच २०२४ मध्ये तसं सांगितलं होतं.

आठ मिनिटं कमी पडतात ती ओव्या नाहीत म्हणून नव्हे, तयारी नाही म्हणून. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला एकशेदहाच्या आसपास शब्द जातात. म्हणजे हातात नऊशे शब्द. त्यातले चारशे बायबलमधल्या तिन्ही वाचनांचा सारांश सांगण्यात घालवतात. वाचनं लोकांनी आत्ताच ऐकली आहेत ना! शुभवर्तमानातलं एक वाक्य धरा, त्याला गावातला एक दाखला जोडा, आणि शेवटचं वाक्य आधी लिहा. शेवट ठरलेला नसला की 'आणखी एक गोष्ट' सुरू होते, मग 'जाता जाता', मग घोषणा.

हर्णै बंदर
कॅथलिक मंडळींनी कॅनन काढला की चर्चा संपली असं समजायचं का? आमच्याकडे, प्रोटेस्टंटांत, उपासनेत कीर्तन चालतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १८६१ मध्ये जन्मले करजगावात, म्हणजे दापोलीचेच. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. विलायती चालींवरची गीतं आपल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाहीत, हे त्यांनी ओळखलं आणि अभंग, कीर्तन हाताशी घेतलं. नमन, पूर्वरंग, मध्ये नामगजर, उत्तररंगात आख्यान, शेवटी प्रार्थना. बिघडतं कुठे तर पूर्वरंग लांबतो आणि आख्यानाला मंडळी पेंगतात. तासाच्या कीर्तनात पूर्वरंग वीस मिनिटांवर जाता कामा नये.

साष्टीचा चिरा
टिळकांचा जन्म कोकणात, सेवा घाटावर. स्कॉटिश मिशन १८२३ मध्ये बाणकोटला आलं, हर्णैला शाळा काढल्या आणि पुढे भर गेला मुंबई-पुण्याकडे. स्टीफन्ससारखी एका जागी चाळीस वर्षं कुणी काढली?

हर्णै बंदर
त्याने ती चाळीस वर्षं पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत काढली. बाणकोटच्या पाद्र्यांमागे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा करणारं धर्मन्यायालय, नव्हतं.

मालवणी मसाला
मुळात स्टीफन्सला मराठीचा कवी म्हणून मिरवणं थांबवा. त्याने व्याकरण लिहिलं ते कोंकणीचं, दोत्रीनही कोंकणीतली. मराठीची थोरवी सांगणारी त्याची 'भासा मराठी'वाली एक ओवी पाठ केली की सगळं तुमचं?

साष्टीचा चिरा
झालं सुरू! पुराण मराठीतच आहे, कोंकणी शब्द मिसळलेले आहेत इतकंच. त्याच ओवीत बघा, रत्नकिळा, निळा, चोखळा असं तीन चरणांत यमक आणि चौथा आखूड, बिनयमकाचा. ही घडण ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवीची आहे, कोंकणी शेतातल्या गाण्याची नव्हे.

मालवणी मसाला
कोंकणीला शेतात बसवलंत, छान! दोत्रीन १६२२ मध्ये छापली, व्याकरण १६४० मध्ये दियोगु रिबेरूंनी भर घालून. दोन्ही त्याच्या मृत्यूनंतर. घरातल्या पोराला प्रश्नोत्तरं शिकवताना त्याला मराठी का आठवली नाही? कारण पोराला ती कळत नव्हती. मग १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने कोंकणीवर बंदी घातली तेव्हा तुमचे ओवीप्रेमी कुठे होते?

पापडीकर
१६८४ मध्ये इथलं कुणीच नव्हतं बहुधा. आता ह्यां खंयच्या खंय गेला. प्रश्न प्रवचनाचा होता.

मालवणी मसाला
प्रवचनाचाच आहे! रोजचं समजावणं घरच्या बोलीत, लांब कथा ग्रंथभाषेत. त्याने दोन कामांना दोन भाषा वापरल्या. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत बघा, घरात पोर्तुगीज वळणाची मिश्र बोली, क्रिओल, बोलतात आणि मिस्सा मराठीत. तिथे फादर छापील मराठीत 'तारणविषयक योजना' म्हणाले, की मागचे बाक समुद्राकडे बघतात.

साष्टीचा चिरा
हे आधी बोलला असतात तर वीस प्रतिसाद वाचले असते. बरोबर आहे म्हणतो, नाइलाजाने. पण शब्द निवडायला त्याच्याकडूनच शिका. स्वर्गाला वैकुंठ म्हणाला, पण पवित्र आत्म्याला स्पिरितु सांतु तसंच ठेवलं. अर्थ घसरेल तिथे परका शब्द, चालेल तिथे देशी.

कुंकळ्ळेकर
वैकुंठ म्हणाला याचं कौतुक, आणि त्याच साष्टीत १५६७ पासून देवळं पाडली त्याचं काय? त्या ब्राह्मणाचा प्रश्न परत वाचा. पुराणं मागायची वेळ आली, कारण आधीची हिसकावली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत स्टीफन्सच्याच संघाचे पाच जेझुइट पाद्री मारले गेले ते काय ओव्या आवडल्या नाहीत म्हणून? गा खुशाल, पण हेही सांगून गा.

साष्टीचा चिरा
ते लपवायचं कारण नाही. तो प्रश्न ग्रंथातच छापलाय.

पापडीकर
ओव्यांच्या बाजूने एक गोष्ट कबूल करतो, आनंद मानून घ्या. चिऱ्याच्या भिंती, उंच छत, चुन्याचा गिलावा असला की आवाज घुमतो. एका शब्दाची शेपटी पुढच्यावर पडते आणि गद्याचा चिवडा होतो. लांबवलेला स्वर तिथे उलट भरून येतो. म्हणून जुन्या चर्चमध्ये ओवी मागपर्यंत पोचते, प्रवचन पोचत नाही. त्यावर लोक वेदीपाशी दोन मोठे स्पीकर ठोकतात, घुमणं दुप्पट. लहान स्पीकर खांबाखांबावर लावा, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, तोंड खाली करून. आणि जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर काही लावू नका, थांबा.

हर्णै बंदर
गाणारा आणणार कुठून? पुराणाच्या १६१६, १६४९, १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एक प्रत हाती नाही. नंतरची मंगळूरची १९०७ ची आवृत्ती आहे, ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत.

साष्टीचा चिरा
रोमीवरून देवनागरीत उतरवताना घोळ होतो तो दोन ठिकाणी. ट, ड, ण, ळ दाखवायला अक्षर जोडीने लिहिलंय, ते द्वित्त, म्हणजे खरंच दोनदा उच्चारायचं, समजून वाचलं की 'फळ' चं 'फल्ल' होतं. आणि शब्दाच्या शेवटचा 'म' बहुतेकदा नुसता अनुस्वार असतो. 'पुराणें' चं 'पुराणेम' गायलं की ओवी तिथेच अडखळते. आधी पंचवीस ओव्या हाताने उतरवा, एकाने मोठ्याने वाचा, दुसऱ्याने मूळ प्रत धरा.

मालवणी मसाला
मूळ प्रत मी धरतो. तुम्ही 'ळ' चा 'ल' केलात की सांगेन.

पापडीकर
मिस्साआधी गा. सव्वासातला सुरू करा, साडेसातला घंटा होते, ती तुमच्यासाठी थांबणार नाही.