शब्दचर्चा : झाळणे, डाग देणे, कल्हई

प्रश्न : हाय-फाय स्पीकरचं आतलं वायरिंग आणि कनेक्टर बदलण्यावर मराठीत लिहितोय. टॅबवर (स्पीकरच्या धातूच्या जोडपट्टीवर) तार सोल्डर करणे याला 'कल्हई करणे' म्हटलं तर चालेल का? आणि क्रिंपला, म्हणजे तार कनेक्टरमध्ये नुसती दाबून पक्की करण्याला, काय म्हणू?

उत्तर : कल्हई नका म्हणू. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर चढवणे. तारेचं टोक सोलून, पीळ देऊन त्यात सोल्डर भिनवलं की कल्हई झाली, पण अजून काहीच जोडलेलं नसतं. तेच टोक टॅबच्या भोकात अडकवून वितळलेल्या धातूने पक्कं करणं म्हणजे झाळणे, आणि तो एक जोड म्हणजे डाग.

हा शब्दांचा कीस वाटेल, पण इथे गल्लत झाली तर जोड बिघडतो. स्क्रूखाली किंवा लगमध्ये (तारेच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कनेक्टरमध्ये) दाबायच्या तारेला कल्हई करायचीच नसते. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली पडते.

भांड्यांच्या कल्हईत धातू साफ करायला वापरतात तो नवसागरही इथे आणू नका. त्याचा उरलेला अंश तांबं खातो. तारेला त्या कामासाठी राळच हवी.

चांगला डाग कडेला पातळ होत टॅबवर पसरलेला दिसतो, कच्चा डाग मण्यासारखा वर बसतो. नुसत्या चकाकीवर जाऊ नका. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं आणि चकाकतं. शिसेविरहित सोल्डरला साधारण २१७ च्या पुढे जावं लागतं आणि त्याचा चांगला डागही मंदच दिसतो. दुरुस्तीवाले कच्च्या डागाला 'ड्राय सोल्डर' म्हणतात, तोही शब्द द्या.

क्रिंपसाठी नवा शब्द घडवू नका, 'लग दाबणे' पुरे. मापं मात्र लिहा : टॅबची रुंदी ६.३, ४.८, २.८ मिलिमीटर. बहुधा रुंद टॅब धन असते, तरी खूण पाहूनच जोडा.

प्रश्न : आणि 'रोध' की 'संरोध'?

उत्तर : तारेचा रोध (रेझिस्टन्स), स्पीकरचा संरोध (इम्पीडन्स, म्हणजे बदलत्या प्रवाहाला होणारा एकूण विरोध). दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला जेमतेम ०.०१२ ओहम, स्पीकरचा संरोध बहुधा ८ ओहम. म्हणून जाड तारेपेक्षा डागाबद्दल जास्त लिहा.